उतरताना घ्या

जपानमधल्या क्योटोच्या सिटी बसमध्ये मागच्या दारानं चढल्याबरोबर अण्णांनी कंडक्टर शोधला. पुढं पाहिलं, मागं पाहिलं, दांड्याला धरून जरा वाकून पाहिलं. मग माझ्याकडं वळून अगदी काळजीनं म्हणाले, "अगं, कंडक्टर चुकला वाटतं याचा. गाडी सुटली की!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. १९७५ ला लागले, २००९ ला निवृत्त झाले. डेपो मिरज. एसटी सुटली आणि कंडक्टर खाली राहिला, असे दोन-तीन प्रसंग त्यांच्या नोकरीत घडलेले असल्यामुळं त्यांना ती काळजी खरीखुरी वाटली होती. त्यांना समजावलं की इथं ड्रायव्हरच सगळं बघतो, मागून चढायचं, पुढून उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उतरताना पैसे देणारा प्रवासी ही कल्पना त्यांच्या पोटात उतरत नव्हती. "आणि नाही दिले तर?" एवढंच त्यांनी विचारलं.

नाही दिले तर काय होतं ते कळायची वेळ पाच थांब्यांनंतर आलीच, आणि ती माझ्यामुळं आली.

क्योटोच्या त्या बसचं भाडं २३० येन. शहराच्या मधल्या भागात कुठूनही कुठंही, एकच दर. ड्रायव्हरच्या शेजारी भाड्याची पेटी असते, तिच्यात नेमके पैसे टाकायचे. ती सुट्टे परत देत नाही. सुट्टे नसतील तर पेटीलाच जोडलेलं एक यंत्र आहे, त्यात हजार येनाची नोट सरकवली की खाली खळखळ नाणी पडतात, ती घेऊन मग भाडं मोजून टाकायचं. मला हे सगळं भावानं सांगितलेलं होतं. फक्त यंत्र हजाराचीच नोट घेतं, हे माझ्या डोक्यातून निसटलं होतं, आणि माझ्या हातात होती पाच हजाराची. मी ती नोट सरळ घालून पाहिली, उलटी घालून पाहिली. मागं पंधरा माणसं शांतपणे उभी. कोणी 'च्च' केलं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. असल्या शांततेपेक्षा आपल्याकडची "ओ ताई, चला की लवकर" बरी, असं मला त्या क्षणी वाटलं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला. तळहातावर चार शंभराची नाणी आणि सहा दहाची. दोघांचे मिळून ४६०. अण्णांनी ती एकेक करून पेटीत सोडली, ड्रायव्हरकडं पाहून मान हलवली आणि खाली उतरल्यावर मला म्हणाले, "प्रवाशानं सुट्टे घेऊनच चढावं. आम्ही गाडीत लिहून लावायचो ते काय उगाच?"

ही नाणी आदल्या दोन दिवसांत मी टाकून दिल्यासारखी त्यांच्याकडं देत होते. पर्स जड होते म्हणून. आईनं निघताना त्यांना तिचा तीन कप्प्यांचा कापडी बटवा दिला होता (तिचे गुडघे, म्हणून ती आली नाही, पण बटवा आला). त्यात अण्णांनी नाणी लावून ठेवली होती, पहिल्या रात्री, हॉटेलच्या पलंगावर टॉवेल अंथरून.

ती मोजणी मी बघत होते. एक येन ॲल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅम वजनाचं. हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. दहाचं तांब्याच्या रंगाचं, शंभराचं पांढरं, पाचशेचं दोन धातूंचं, आपल्या दहा रुपयांसारखं. पन्नासाला मधोमध भोक. आणि पाच येनालाही भोक, पण हे पितळी नाणं त्यांनी दोनतीनदा उलटंसुलटं केलं, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलं. "याच्यावर आकडाच नाही." खरंच नव्हता. जपानच्या बाकी सगळ्या नाण्यांवर आपल्याला वाचता येणारे आकडे आहेत, पाच येनावर मात्र किंमत फक्त त्यांच्या लिपीत. परक्या माणसानं हे भोकावरून आणि रंगावरूनच ओळखायचं. अण्णांना ते फार आवडलं. त्यांच्या आजीच्या करगोट्याला युद्धकाळातला एक भोकाचा पैसा ओवलेला असायचा, त्याची त्यांना आठवण झाली. नंतर कळलं की पाच येनाला 'गो-एन' म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून देवळात हेच नाणं टाकायची पद्धत आहे. सव्वा रुपया ठेवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

माझं काय झालं होतं ते सांगते. मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवते, आणि गेली काही वर्षं माझ्याकडं रोख पैसे नसतातच. भाजीवाल्या मावशींपासून रिक्षापर्यंत सगळीकडं स्कॅन. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हा मीच अण्णांना समजावत होते, आता मला सुट्टे मोजता येत नाहीत अशी अवस्था. जपान म्हणजे बुलेट ट्रेन, यंत्रमानव, तिथं नोटा कोण बघतो, अशी माझी समजूत. भाऊ ओसाकाला नोकरीला आहे, त्यानं फोनवर दोनदा सांगितलं होतं, "ताई, रोख आण." मी ऐकल्यासारखं केलं.

तसं तिथंही आता बदलतंय. २०२४ मध्ये लोकांच्या खर्चातला बेचाळीस टक्क्यांच्या वर हिस्सा रोखीशिवाय झाला, असा तिथल्या सरकारचाच आकडा आहे. पण उरलेला हिस्सा नेमका कुठं असतो? बसमध्ये, देवळाच्या तिकिटाला, चारसहा खुर्च्यांच्या खानावळीत, लोणच्याच्या दुकानात. म्हणजे प्रवासी जिथं जिथं जातो तिथंच. मॉलमध्ये माझं कार्ड चालायचं, पण मॉल बघायला काय ओसाका लागतं?

भाऊ स्वतः पेपे वापरतो. पैसे द्यायचं लाल रंगाचं ॲप, सगळ्या दुकानांत त्याचा चौकोन चिकटवलेला. हे २०१८ साली सुरू झालं तेव्हा त्यामागचं तंत्र आपल्या पेटीएमकडून गेलं होतं. तो हे अभिमानानं सांगत होता आणि मी माझा फोन हातात घेऊन त्या चौकोनाकडं नुसतीच बघत होते. त्या ॲपला जपानी फोन नंबर लागतो. आपल्याच माणसांनी बसवलेलं दार, आणि आपल्यालाच कडी लावलेली.

यूपीआय परदेशात चालतं ते ठरावीक ठिकाणी. पहिल्यांदा भूतानमध्ये, २०२१ ला. २०२४ च्या फेब्रुवारीत श्रीलंका आणि मॉरिशस, त्याच महिन्यात पॅरिसच्या आयफेल टॉवरचं तिकीट, मग नेपाळ. तिथंही ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करावे लागतात. माझ्या एका सहकारी बाईंनी पॅरिसला टॉवरचं तिकीट यूपीआयनं काढलं आणि खाली येऊन स्वच्छतागृहात जायला नाणं नाही म्हणून अडकल्या. युरोपात जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, लूव्र विसरली असेल पण कुठल्या गावात किती सेंट लागले ते सांगेल.

आता माझ्या कार्डाची गोष्ट. ही सांगायला मला लाज वाटते, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ओसाकाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर गेले. परदेशी कार्डं तिथल्या सगळ्या बँकांच्या एटीएमवर चालत नाहीत, या दुकानांतल्या आणि पोस्टाच्या यंत्रांवर चालतात. कार्ड घातलं, पिन दिला, रक्कम दिली, यंत्रानं बराच विचार केला आणि कार्ड परत दिलं. चूक यंत्राची नव्हती. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं, परदेशासाठी ते आपण चालू करायचं. मी ते केलं होतं. पण माझ्या बँकेच्या ॲपमध्ये त्याची चार वेगवेगळी बटणं आहेत: दुकानात, ऑनलाइन, टॅप करून, आणि एटीएम. मी तीन चालू केली होती. चौथं बटण दाबायला ॲपला ओटीपी हवा. ओटीपी येणार भारतातल्या सिमवर. त्या सिमचं रोमिंग मी पैसे वाचवायला चालूच केलं नव्हतं, इंटरनेटपुरतं तिथलं ई-सिम घेतलं होतं. आणि रोमिंग चालू करायला कंपनीच्या ॲपवर शिरावं, तर तिथंही ओटीपी.

अण्णा बाजूला उभे होते. मी त्यांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे किल्ली कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे."

शेवटी भावाकडून चाळीस हजार येन उसने घेतले. तेव्हा शंभर येन म्हणजे साधारण साठ रुपये होते, हिशेब तुम्हीच करा. धाकट्या भावाकडून परदेशात उसने घेताना मोठ्या बहिणीला काय वाटतं, तो हिशेब मात्र मांडता येत नाही.

खरं तर निघण्यापूर्वी येन घेऊन जाता आले असते. सहलीला जाताना माणशी तीन हजार डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, त्यावरची रक्कम हवी असेल तर फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधी भरून न्यायच्या कार्डात भरायची. आपलं साधं कार्ड परदेशात वापरलं की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास वरकड लावतात, त्यावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे शंभरामागं चार रुपयांहून जास्त जातात. फॉरेक्स कार्डावर भाव भरतानाच ठरतो, पुढं डोक्याला ताप नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि कामाला लागणं यांच्यामध्ये दहावीचे पेपर तपासायचे होते.

आणखी एक फसगत, लहान. ओसाकातल्या एका मोठ्या दुकानात भाचीसाठी छत्री घेतली. कार्डाच्या यंत्रावर दोन रकमा आल्या: एक येनात, एक चक्क रुपयांत. परमुलखात रुपयाचं चिन्ह दिसल्यावर मला भरून आलं आणि मी रुपया दाबला. बाहेर आल्यावर भावानं पावती पाहिली आणि कपाळावर हात मारला. रुपयांत दाखवण्याचा भाव त्या यंत्रामागची कंपनी लावते आणि स्वतःचा वाटा त्यात धरते. नेहमी त्या देशाचं चलन निवडायचं, बदलून घ्यायचं काम आपल्या बँकेवर सोडायचं. अण्णांनी विचारलं किती गेले. दोनशेच्या आसपास, रुपये. "बाजारच्या दिवशी आपलंच लुगडं आपल्याला विकलं," म्हणाले.

इतिहासाच्या बाईला अशा वेळी स्वतःची समजूत काढायला इतिहास सापडतो. ही अडचण माझी एकटीची नाही. १८९१ साली अमेरिकन एक्स्प्रेसनं प्रवासी धनादेश (ट्रॅव्हलर्स चेक) काढला तो कंपनीच्या प्रमुखालाच युरोपात अडचण आली म्हणून. मोठ्या शहरांबाहेर त्याची पतपत्रं कोणी वटवून देईना. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडं काशीला जाणारे पेढीवरून हुंडी घेऊन निघत, वाटेत लुटालूट झाली तरी कागद चोराच्या उपयोगाचा नाही. आणि साठ-सत्तरच्या दशकात परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलांना जेमतेम आठ डॉलर नेता येत. विमानतळावर उतरल्यावर पहिला फोन आणि पहिली बस यांतच ते संपायचे. त्या पिढीतल्या प्रत्येकाकडं आठ डॉलरांची एक गोष्ट आहे. माझ्याकडं चार बटणांची आहे.

त्या उसन्या नोटांकडं मात्र मी नीट पाहिलं. ३ जुलै २०२४ ला जपाननं नवीन नोटा काढल्या. हजाराच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ आली तेव्हा तिथं जाऊन प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी हा एक. तीच साथ जहाजांतून १८९६ ला मुंबईत उतरली आणि १८९७ ला पुण्यात. रँड, चाफेकर, सावित्रीबाईंनी प्लेगच्या रुग्णाला पाठीवर घेऊन नेणं आणि त्यातच त्यांचं जाणं, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात शिकवते. त्या जंतूला पाहिलेला माणूस माझ्या हातात होता, आणि मी त्याला देऊन एक वाटी नूडल घेणार होते. पाच हजाराच्या नोटेवर त्सुदा उमेको, सहाव्या वर्षी अमेरिकेला शिकायला पाठवलेली आणि परत येऊन मुलींसाठी शाळा काढणारी. दहा हजारावर शिबुसावा एइइची. यानं आणि जमशेदजी टाटांनी १८९३ मध्ये मिळून मुंबई ते जपान कापसाची जहाजवाहतूक सुरू करायला हात लावला होता, गोऱ्या कंपन्यांच्या चढ्या भाड्यांना कंटाळून. तीन नोटा, आणि तिन्हींत मला आपलं काहीतरी दिसलं. अण्णा म्हणाले, "बाई, नोट बघून झाली असेल तर खिशात घाल. रस्त्यात नोट उघडी धरू नये."

ते स्वतः नोटा कशा धरायचे ते भावाला बघवत नव्हतं. कंडक्टरची सवय: नोट उभी दुमडायची आणि डाव्या हाताच्या बोटांमध्ये अडकवायची, प्रत्येक बोटाच्या फटीत वेगळी किंमत. जपानी माणूस नोटेला घडी घालत नाही, लांब पाकिटात सरळ ठेवतो. दुकानात पैसेही हातात देत नाहीत, गल्ल्यासमोर लहानसं तबक असतं त्यात ठेवायचे, परत येणारेही त्यातच. अण्णा बोटांतून एक चुणीदार कितासातो काढायचे आणि आरतीच्या तबकात ठेवावा तसा ठेवायचे. समोरची मुलगी ती नोट दोन्ही हातांनी सपाट करून घ्यायची. भाऊ दुसरीकडं बघायचा.

नूडलच्या खानावळीत मात्र माणूसच नव्हता, दाराशी यंत्र. त्यात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती आत द्यायची. यंत्र जुनं होतं, त्यावर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला: नवीन नोटा चालत नाहीत. कितासातो परत खिशात. पुन्हा बटवा.

मग आम्ही ओहाराला गेलो आणि तो दिवस अण्णांचा होता.

ओहारा हे क्योटोच्या उत्तरेला डोंगरातलं गाव. बस तासभर घेते. या बसला एकच दर नव्हता. चढताना दारापाशी यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर फक्त एक आकडा. पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी, तिच्यावर आकड्यांची घरं आणि प्रत्येक घरात भाडं. बस पुढं सरकेल तसं घरातलं भाडं वाढत जातं. मी हे वाचून आले होते तरी मला नीट कळत नव्हतं. अण्णांनी दोन थांबे नुसतं पाटीकडं पाहिलं आणि सीटच्या दांड्यावर बोटं वाजवली. पूर्वी तिकिटाचा पंच वाजवायचे तशी.

"टप्पा आहे हा. चिठ्ठी म्हणजे कुठल्या टप्प्याला चढला ते. आपला सहा किलोमीटरचा असतो, यांचा काय ते बघ. नुसता आपला आकडा बघायचा आणि उतरताना त्या घरात काय आहे तेवढे टाकायचे. सोपं आहे गं!"

पुढच्या तासात त्यांनी मला प्रत्येक टप्प्याला आमचं भाडं किती झालं ते सांगितलं. खिडकीबाहेर नदी होती, देवदारासारखी उंच झाडं होती. ती मी एकटीच पाहिली.

गावात रस्त्याच्या कडेला लाकडी फळी, वर पत्रा. फळीवर काकड्यांच्या पिशव्या, हिरव्या कांद्याच्या जुड्या, कुठलीतरी पानं. पाटीवर १००. शेजारी खिळ्याला टांगलेला एक डबा, झाकणाला चीर पाडलेली. माणूस नाही, कॅमेरा नाही, निदान आम्हाला दिसला नाही. मला यात फोटो दिसला. अण्णांना त्यात हिशेब दिसला.

"संध्याकाळी डबा उघडला आणि पिशव्या गेल्या बारा, पैसे निघाले अकराशे, तर?"

"तर एकानं दिले नाहीत."

"आणि तेराशे निघाले तर?"

मी गप्प. एसटीत कंडक्टरच्या बॅगेत कमी निघाले तर भरायचे खिशातून, आणि जास्त निघाले तरी गुन्हा. ड्यूटीवर चढताना स्वतःजवळ किती पैसे आहेत ते वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर लिहायचं, म्हणजे तपासणीवाले मध्येच चढले तर कुठले सरकारचे आणि कुठले घरचे ते कळावं. अण्णांची चौतीस वर्षं त्या एका वाक्याच्या धाकात गेली: कॅश दाखवा. एकदा इस्लामपूरच्या पुढं गाडी थांबवून मोजणी झाली, तीन रुपये जास्त निघाले. कोणा प्रवाशाचे परत द्यायचे राहिले होते. त्या तीन रुपयांचा खुलासा त्यांनी दोन पानं लिहून दिला.

म्हणूनच ते तिकिटामागं लिहून द्यायचे. सुट्टे नसले की तिकीट उलटं करून बाकी लिहायची, भोवती गोल, आणि म्हणायचं, "उतरताना घ्या." माझ्या लहानपणी आमच्या घरी अशी गोल केलेली तिकिटं यायची. कोणी उतरताना विसरायचं आणि मग आठवडी बाजारात गाठून, "मास्तर, आमचे आठ आणे" म्हणायचं. अण्णा तिकीट बघून द्यायचे. अक्षर स्वतःचं आहे का एवढंच पाहायचे, तारीख पाहायचे नाहीत.

त्या डब्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग बटव्यातून शंभराचं नाणं काढलं, चिरेतून आत सोडलं, आवाज ऐकला, आणि काकड्या घेतल्या. दोन पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाले, "वेबिल नाही, काही नाही. झोप येत असेल का याला रात्री?" डब्याच्या मालकाला ही काळजी असेल असं मला वाटलं नाही. पण अण्णांचं म्हणणं मी उडवूनही लावलं नाही.

शिबाझुके हे तिथलं लोणचं, वांगी आणि लाल शिसोची पानं मिठात मुरवलेली, रंग जांभळा. आईसाठी घ्यायचं होतं (तिनं ते नंतर दह्यात कालवून खाल्लं आणि "आंबट आहे" एवढंच मत दिलं). दुकानात एक आजीबाई. बिल झालं ७६३. मी हजाराची नोट काढत होते, अण्णांनी हात आडवा केला. तबकात त्यांनी दुमडलेला कितासातो ठेवला, त्याच्या शेजारी दोन शंभर, एक पन्नास, एक दहा, आणि तीन ॲल्युमिनियमचे हलके येन. एकूण १२६३.

मला क्षणभर कळेना की हे जास्तीचे कशाला. आजीबाईंनी तबकाकडं पाहिलं, मग अण्णांकडं. त्यांच्या तोंडून "होऽ" असा लांब आवाज निघाला. त्यांनी पाचशेचं एकच नाणं तबकात ठेवलं आणि वाकल्या. अण्णाही वाकले. हिशेब मिटला, दोघांचंही ओझं कमी झालं. मिरज-कोल्हापूर गाडीत हेच चालायचं: दोन रुपये सुट्टे द्या, पाच परत देतो. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. माझ्याकडं त्यांनी दोघांनी मिळून पाहिलं असा मला भास झाला, आणि त्या पाहण्यात थोडी कीव होती.

ट्रेनच्या कार्डावरून आमचं भांडण आधीच झालं होतं. इकोका म्हणतात त्याला, स्टेशनवरच्या यंत्रातून मिळतं, टेकवलं की ट्रेन, बस, दुकान सगळीकडं चालतं. दोन हजार येन द्यायचे, त्यातले १५०० वापरायला आणि ५०० अनामत. "अनामत कशाची? मी काय भांडी भाड्यानं नेतोय?" म्हणून त्यांनी तीन दिवस घेऊ दिलं नव्हतं. शेवटी एक्स्पोसाठी घ्यावंच लागलं. ओसाकाला २०२५ चं जागतिक प्रदर्शन चालू होतं, लाकडाचं प्रचंड वर्तुळ, त्याच्यावरून चालत जायचं, आणि त्या सगळ्या आवारात रोख पैसे अजिबात चालत नव्हते. देशभर नाणी मोजायला लावणाऱ्यांनी तिथं नाण्यांना दारं बंद केली होती. अण्णांचा बटवा दिवसभर खिशात गप्प. स्टेशनवर रोख नोटा घालून भरलेलं ते कार्ड टेकवून त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं, आणि प्रत्येक वेळी टेकवल्यावर उरलेली रक्कम हातावर पेनानं लिहिली.

परतीच्या दिवशी विमानतळावर कार्ड परत करायचं होतं. खिडकीवर २२० येन कापून घेतात, पण ते कार्डात उरलेल्या रकमेतून. कार्ड रिकामं असेल तर कापायला काही नाही आणि अनामत पूर्ण परत. हा नियम कळल्यापासून दोन दिवस त्यांचं नियोजन चालू होतं. शेवटचा भाताचा त्रिकोणी गोळा घेतल्यावर कार्डात १२ येन उरले. त्या बाराचं त्यांना वाईट वाटलं, पण पाचशेचं नवं कोरं नाणं हातात आलं तेव्हा चेहरा पगाराच्या दिवसासारखा होता.

वेळ होता म्हणून चहा घ्यायचा ठरला. भिंतीलगत यंत्र होतं, बाटलीतला गार चहा, १६० येन. अण्णांनी पाचशेचं नाणं टाकलं. खणकन खाली आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा खाली. हे दोन धातूंचं नाणं २०२१ चं, काही जुनी यंत्रं अजून त्याला ओळखत नाहीत. तिसऱ्यांदा खाली आल्यावर भाऊ पुढं झाला, त्यानं फोन टेकवला आणि बाटली काढून दिली.

अण्णांनी नाणं त्याच्यापुढं धरलं. "धर."

"अण्णा, राहू द्या की. एकशेसाठ येन."

"धर म्हणतो ना. माझे दे परत."

त्यानं खिसे चाचपले, पाकीट उघडलं. आत कार्डं आणि पावत्या. "सुट्टे नाहीत हो माझ्याकडं. मी रोख ठेवतच नाही."

अण्णांनी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं, खिशातून कार्डाची पावती काढली, उलटी केली आणि पेन पुढं केलं.

"लिही. तीनशे चाळीस."

त्यानं लिहिलं.

"गोल कर."

त्यानं गोल केला. अण्णांनी अक्षर पाहिलं, पावतीची उभी घडी घातली आणि ती बटव्याच्या तिसऱ्या कप्प्यात ठेवली.